मास्तर उठेनात

१

"मास्तर, उठा. सकाळ झाली."

झोपेच्या संशोधनाच्या त्या वॉर्डात असंच उठवतात, भिंतीतल्या स्पीकरवरून. शेजारच्या खोलीतला पेशंट, एक बसड्रायव्हर, जांभया देत उठून बसला. मास्तर हलले नाहीत. पुन्हा हाक मारली, मग दार उघडून मारली, मग खांद्याला धरून गदागदा हलवलं. डोक्याला चिकटवलेल्या तारा जागच्या जागी, चेहरा शांत, आणि श्वास इतका सावकाश की नर्सने कान त्यांच्या तोंडाशी नेला तेव्हा कुठे कळलं, माणूस अजून आहे.

ती नर्स म्हणजे माझी धाकटी बहीण.

"ताई, ये. आत्ताच्या आत्ता ये," ती फोनवर म्हणाली. "ते म्हणतायत मी केलं."

"काय केलंस?"

"काहीच नाही गं! तेच तर सांगतेय!"

मी अर्धा कप चहा तसाच टाकून निघाले. मी विम्याचे दावे तपासते. जळलेलं गोदाम, चोरीला गेलेली गाडी, अचानक वारलेला काका. दिवसभर लोक माझ्याशी खोटं बोलतात आणि ते कुठे अडखळतात ते मी बघते. घरचे म्हणतात माझा स्वभाव त्यामुळे खवचट झालाय. असेल. पण छोटीला मी तिच्या जन्मापासून ओळखते. तिला साधं वाढदिवसाचं गुपित पोटात ठेवता येत नाही. ही मुलगी माणसाला जास्तीचं औषध पाजून मग काखा वर करणार? छे!

हॉस्पिटलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ते झोपेचं संशोधन चालतं. झोप न येणारी माणसं आठवड्यातून एक रात्र तिथे येऊन झोपतात, बाकीच्या रात्री घरी. काहींना पूर्वी झोपेसाठी गांजा घ्यायची सवय होती, काहींनी कधी हातही लावलेला नाही; आता कोणी घेत नाही ना, हे दर वेळी लघवी तपासून बघतात. रोज रात्री, घरीसुद्धा, प्रत्येकाने आपापल्या बाटलीतली एक कॅप्सूल घ्यायची. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये झोपेचं खरं औषध, निम्म्यांच्यात नुसती साधी पावडर, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच. कोणाला काय मिळतंय हे ना पेशंटला ठाऊक, ना नर्सला, ना डॉक्टरांना. ते एका सीलबंद पाकिटात असतं आणि जिवावर बेतलं तरच ते फोडायचं.

आज ते फोडलं होतं. मास्तरांना पहिल्यापासून साधी पावडर होती.

आणि मास्तरांच्या रक्तात झोपेचं औषध सापडलं होतं, एका कॅप्सूलपेक्षा कितीतरी जास्त. वर गांजाही.

२

"तुमची अवस्था मी समजू शकतो," मोठे डॉक्टर म्हणाले. हे संशोधन त्यांचं. केस विस्कटलेले, टेबलावरची पेनं ते पुन्हा पुन्हा सरळ करत होते. "पण तुम्ही इथे कुठल्या अधिकाराने आला आहात?"

"बहिणीच्या," मी म्हटलं. "तिच्यावर आरोप काय आहे ते तरी सांगा."

त्यांनी सांगितलं. इथे रात्री कॅप्सूल देते ती नर्स. शेजारच्या खोलीतल्या ड्रायव्हरला खरं औषध होतं, तेही आज पाकीट फोडल्यावर कळलं. म्हणजे नर्सने ड्रायव्हरच्या बाटलीतल्या कॅप्सूल मास्तरांना दिल्या. चुकून एक दिली असती तर समजण्यासारखं होतं. पण दोन-तीन? पेशंट गप्प पडून राहावा आणि आपल्याला डुलकी काढता यावी, म्हणून काही नर्स असं करतात, हे त्यांनी दुसरीकडे पाहत सांगितलं.

"आणि गांजा? तोही तिनेच दिला?"

"तो मास्तर चोरून घेत असतील."

"मास्तर! बहीण सांगते, आयुष्यभर त्यांनी पोरांना तंबाखूवरून छड्या मारल्या. ते?"

डॉक्टरांनी आणखी एक पेन सरळ केलं. मग हळूच म्हणाले, "संध्याकाळी समिती बसणार आहे. पोलिसांत तक्रार द्यायची आणि तिचा परवाना काढून घ्यायचा असं ठरतंय. मास्तर शुद्धीवर आले नाहीत तर..."

छोटीने या नोकरीसाठी काय काय केलंय ते मला ठाऊक आहे. परवाना गेला की तिला कोणी दारात उभं करणार नाही.

"मास्तरांची बाटली तपासली?" मी विचारलं.

"उरलेली एकेक कॅप्सूल तपासली. सगळ्यांत साधी पावडर. औषधांच्या कपाटात गडबड नाही."

"मग मला संध्याकाळपर्यंत लोकांशी बोलू द्या."

"बोलून काय होणार?"

"तुमचं नुकसान तर होणार नाही ना? आणि तुम्हालाही ही गोष्ट तिच्याच गळ्यात मारायची घाई नसेल, असं मी समजते."

ते लाल झाले, पण हो म्हणाले.

३

छोटी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. डोळे सुजलेले. मला बघून पुन्हा सुरू झाली.

"रडणं नंतर," मी म्हटलं. "आधी काल काय झालं ते सांग."

काल काहीच वेगळं झालं नव्हतं. मास्तर आले, त्यांची बायको त्यांना सोडायला आली, दूध भरलेला थर्मास ठेवून गेली. तसा ती दर वेळी ठेवते. दुधाशिवाय मास्तर अंथरुणाला पाठ लावत नाहीत आणि डॉक्टरांनीही त्याला परवानगी दिलेली. छोटीने मास्तरांच्या बाटलीतली एक कॅप्सूल मास्तरांना दिली, तोंड उघडून गिळल्याची खात्री केली. मग ड्रायव्हरला त्याची दिली.

"त्याचंही तोंड बघितलंस?"

"बघितलं. पण ताई, तो गालात दाबून ठेवत असेल तर? पक्का आहे तो." ती नाक पुसत म्हणाली. "मला तर उलटंच वाटायचं. मला वाटायचं खरं औषध मास्तरांना आहे."

"का?"

"या औषधाची एक खोड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड कडू पडतं. पाणीसुद्धा कडू लागतं. मास्तर कित्येक आठवडे तेच रडगाणं गातायत, पाण्याला नाणी चाटल्यासारखी चव येते म्हणून. ड्रायव्हरने सुरुवातीला एकदा-दोनदा सांगितलं, मग कधीच नाही."

"हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"कसं सांगणार? कोणाला काय मिळतंय याचा अंदाजसुद्धा बोलून दाखवायचा नाही, असा इथला नियम आहे. बोललं की अभ्यास बाद."

म्हणजे एरवी एक गुपित पोटात न ठेवणारी ही मुलगी इतके दिवस तोंड शिवून बसली होती. मी खोलीतून बाहेर आले. डोक्यात चक्रं फिरू लागली होती. मास्तरांचं तोंड कित्येक आठवडे कडू होत असेल, तर औषध कालच्या एका रात्री त्यांच्या पोटात गेलेलं नव्हतं. ते घरीही जात होतं. आणि घरी छोटी नसते.

कॉरिडॉरच्या टोकाला हात धुवायचं बेसिन होतं. तिथे एक बारीक चणीची म्हातारी उभी होती. नवरा खाली आयसीयूत नळ्या लावून पडलेला, आणि ही बाई घासघासून थर्मास धूत होती.

४

"हातांना काहीतरी लागतं हो," मास्तरांची बायको म्हणाली. तिला इथे सगळे काकू म्हणतात. "नुसतं बसलं की मनात नको नको ते येतं."

मला तिची दया आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळून परत सोडवायची. मी तिला बाकावर बसवलं.

"मास्तर घरी कसे झोपायचे?"

"झोपायचे कुठे? येरझाऱ्या. या खोलीतून त्या खोलीत. दिवा लाव, दिवा बंद कर. मध्येच मला हलवायचे, 'जागी आहेस का?' आता हलवल्यावर माणूस जागं नसेल तर काय असेल!" ती जराशी हसली. "नोकरी सुटल्यापासून हेच. पण इथे यायला लागल्यापासून फरक पडला होता. चांगले झोपायला लागले होते."

"साध्या पावडरीवर?"

तिने पदर घट्ट धरला. "मला काय कळतंय त्यातलं? डॉक्टर देतात ते घेतात."

"तोंड कडू होतं म्हणायचे?"

"म्हणायचे ना. दुधाला सुद्धा नावं ठेवायचे. एरवी साखरेचा कण न खाणारा माणूस, हल्ली दुधात चार-चार चमचे घालावी लागायची. म्हातारपणी जिभेला चव राहत नाही." मग तिने माझा हात धरला. "ती नर्स तुमची बहीण ना? चांगली पोर आहे हो. माझ्या मिस्टरांना बाबा म्हणते. तिचं काही वाईट नाही ना होणार?"

"संध्याकाळी तिला पोलिसांकडे देणार आहेत."

काकूंनी हात काढून घेतला आणि थर्मास उचलून परत बेसिनकडे गेल्या. थर्मास आधीच लखलखीत होता.

मी मागोमाग जाणार, तेवढ्यात कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मॅडम, जरा आत या. तुम्हाला एक दाखवायचंय."

५

त्याला सगळे तारवाला म्हणतात, कारण पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवणं आणि रात्रभर पडद्यावर त्यांची झोप बघणं हे त्याचं काम. लांब केस, लाल डोळे. गांजाचं नाव निघाल्यापासून हॉस्पिटलमधला प्रत्येक जण त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होता.

"डोळे जागरणाने लाल आहेत," मी काही विचारायच्या आतच तो चिडून म्हणाला. "माझी पण तपासणी करून घ्या हवी तर. लघवीची बाटली आणू का?"

"नको. काय दाखवायचंय?"

"आता पाकीट फुटलंय म्हणून दाखवतो. एरवी मला बोलायची बंदी होती." त्याने पडद्यावर रेघा उघडल्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्याने साध्या भाषेत सांगितलं. झोपेचं औषध घेतलं की मेंदूच्या लहरींत एक ठराविक दाट कंप दिसतो. मास्तरांच्या झोपेत तो कित्येक आठवडे दिसत होता. ड्रायव्हरच्या झोपेत पहिल्या एक-दोन वेळा दिसला, मग गायब.

"आणि गायब झाल्यावर काय दिसतं?"

"त्याला स्वप्नंच पडत नाहीत. स्वप्नांची झोप अगदी थोडी. गांजा घेणाऱ्यांचं असं होतं."

"पण याची लघवी तपासता ना तुम्ही?"

"दर वेळी. दर वेळी स्वच्छ."

"कोणाची?"

तारवाल्याने कपाळावर हात मारला.

आता मला चित्र दिसायला लागलं आणि माझा संताप झाला. कडू तोंड छोटीला ठाऊक. लहरी याला ठाऊक. पाकिटात काय आहे ते कोणालाच नाही. दोघांनी चहा पिता पिता एकदा गप्पा मारल्या असत्या, तरी एकाचं औषध थांबलं आणि दुसऱ्याचं सुरू झालं हे तेव्हाच उघडं पडलं असतं. पण बोलायचं नाही हाच नियम, आणि सगळ्यांनी तो डोळ्यांत तेल घालून पाळलेला. ज्याच्या कॅप्सूल होत्या तो त्या घेत नव्हता, आणि ज्याच्या नव्हत्या त्याच्या पोटात त्या जात होत्या.

"ड्रायव्हर गेला का घरी?"

"आत्ताच जिना उतरला," तारवाला म्हणाला.

मी धावले.

६

तो फाटकाशी सापडला. दणकट माणूस, पण मी हाक मारताच दचकला. मी सरळ मुद्द्याला हात घातला.

"लघवी कोणाची आणता?"

"काय बोलताय बाई!"

"माझी बहीण आज संध्याकाळी कोठडीत जाईल आणि तुम्ही बस चालवायला जाल. म्हणून विचारतेय. कोणाची?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "मेव्हण्याची."

त्याच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. पहिले काही दिवस त्याने कॅप्सूल इमानदारीने घेतल्या. झोप लागली, पण सकाळी बस चालवताना त्याचा डोळा लागला. गाडी दुभाजकाला घासली. मागे चाळीस माणसं बसलेली. त्या दिवसापासून त्याने एकही कॅप्सूल गिळली नाही; इथे दिलेलीही गालात दाबून ठेवायचा. झोपेसाठी पुन्हा जुना मार्ग धरला, गांजाचं तेल, थेंबभर. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं असतं तर अभ्यासातून बाहेर, आणि कामावर कळलं असतं तर स्टिअरिंग कायमचं सुटलं असतं.

"मग कॅप्सूल कुठे गेल्या? बाटली तर तुम्ही रिकामी परत करत होता."

"गटारात टाकल्या."

"गटाराचं तोंड कडू होतं का हो?"

त्याने फाटकाची कडी धरली.

"मास्तरांना दिल्यात तुम्ही," मी म्हटलं.

"नाही! आईशपथ नाही. मास्तरांना मी कधी काही दिलं नाही. ते घेतलेच नसते त्यांनी. तत्त्वाचा माणूस." त्याचा आवाज चिरकला. "बाई, माझ्याकडे मागायला कोणी यायचं ते विचारू नका. ती बाई माझ्यासमोर हात जोडून रडली होती."

विचारायची गरजच नव्हती. दुधातल्या साखरेचे चमचे मी मघाशी ऐकले होते, फक्त मोजले नव्हते. कडू पूड लपवायला साखर लागते. आणि आजच्या दिवशी, नवरा बेशुद्ध असताना, थर्मास पुन्हा पुन्हा धुवायला काहीतरी कारण लागतं.

"काल तेल पण दिलंत?"

"परक्या जागी त्यांना झोप येत नाही म्हणत होत्या. मी म्हटलं, दुधात चार थेंब टाका, लहान बाळासारखे झोपतील." त्याने डोळे पुसले. "मला काय माहीत त्या कॅप्सूलपण दोन टाकतील. मी विचारलंच नाही. साहेबांना सांगतो मी सगळं. नोकरी जाऊ दे."

"चला वर," मी म्हटलं.

७

काकू बाकावरच होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. ड्रायव्हर जिन्याशी उभा राहिला, आणि त्याला बघताच त्यांना सगळं कळलं.

"याने सांगितलं?" त्या म्हणाल्या.

"हो."

मला बरंच काही बोलायचं होतं. तुमच्यामुळे माझी बहीण सकाळपासून रडतेय. तुम्ही तिला चांगली पोर म्हणता आणि तिच्या गळ्याला फास लागताना भांडी घासत बसता. सगळं ओठांवर आलं होतं.

"मला वाटलं मरतील ते," काकू म्हणाल्या. "मग मी काय सांगणार होते? की मी मारलं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, सगळं आटल्यासारखं. "आठ वर्षं झाली हो. डॉक्टर त्यांना विचारतात झोप कशी लागली, तारा लावून बघतात, कागद भरून घेतात. सगळे त्यांनाच विचारतात. मी त्यांच्या शेजारी पडलेली असते. ते जागे म्हणजे मी जागी. मला कोणी विचारलं? डॉक्टरांनी साध्या पावडरीवर ठेवलंय हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, काही फरकच नव्हता त्यांच्यात. मग हा म्हणाला, माझ्या खऱ्या आहेत, मला नकोत; मी हात जोडून त्या मागून घेतल्या. पहिल्या दिवशी दुधात टाकली आणि ते झोपले. आणि मीही झोपले. सकाळी उठले तर ऊन पायावर आलेलं. मला रडूच फुटलं. नंतर ते थांबवणं मला जमलं नाही."

"आणि काल दोन? वर तेल?"

"इथे जागे राहिले तर सकाळी घरी येऊन मलाच धरून बसतात, काय काय झालं ते सांगत. मला एक रात्र आणि एक सकाळ हवी होती." मग त्या उठल्या. "चला. कुठे सांगायचं ते दाखवा. तुमच्या बहिणीला आता रडवू नका."

त्यांनी मोठ्या डॉक्टरांसमोर, काही न वगळता, सगळं सांगितलं. ड्रायव्हरनेही सांगितलं. डॉक्टरांनी लगेच आयसीयूत फोन करून किती कॅप्सूल, किती तेल ते कळवलं. मग त्यांनी छोटीला बोलावलं आणि तिची माफी मागितली, पेनांकडे बघत नाही, तिच्याकडे बघत. तेवढं मी त्यांच्या खात्यावर मांडलं. छोटी माझ्या गळ्यात पडली आणि मीही मग जरा रडून घेतलं, आता कशाला लपवू.

समिती जमायला लागली. काकूंचा जबाब लिहून त्यांची सही घ्यायची होती. मी आणि छोटी त्यांना बोलवायला बाहेर आलो. त्या बाकावर बसल्या बसल्या एका बाजूला कलंडल्या होत्या. या बाईनेही काही घेतलं की काय? मी ओरडणार, तोच छोटीने त्यांची नाडी धरली, पापणी उघडून बघितली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काही नाही, ताई. झोपल्यात."

"उठव. आत सगळे थांबलेत."

छोटीने काकूंचा घसरलेला पदर सारखा केला. इतक्यात आयसीयूचा फोन आला. मास्तर शुद्धीवर आले होते. बोलत होते, जड जिभेने, पण बोलत होते. छोटी धावतच खाली गेली आणि मी तिच्या मागे.

मास्तरांनी डोळे किलकिले केले. तिला ओळखलं. पहिला प्रश्न विचारला तो बायकोचा.

"वर आहेत, बाबा," छोटी म्हणाली. "झोपल्यात."

"झोपलीय?" मास्तरांनी नळी लावलेला हात थोडासा उचलला. "मला शुद्ध आली हे सांगायला कोणीतरी तिला उठवायला जाल. जाऊ नका. झोपू दे."

छोटीने वर फोन लावला आणि डॉक्टरांना सांगितलं की सहीचं उद्या बघू.